आंबट काकूंची पायरी

दूध वर येत होतं, ह्यांचा एक मोजा सापडत नव्हता आणि सासूबाई कपाळावर चढवलेला चष्मा घरभर शोधत होत्या. म्हणजे आमच्याकडे सगळं नेहमीसारखं चाललं होतं. मी गॅस बारीक केला आणि मोज्यासाठी सोफ्याच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला, तेवढ्यात दार वाजलं.

बेल वाजली नाही, दार वाजलं. इस्त्रीवाला, पेपरवाला, शेजारीण, सगळे बेल दाबतात. हे दोन ठोके होते, बोटाच्या हाडाने मारलेले, आणि मग काहीच नाही. पुन्हा वाजवायची घाई नाही. मी दार उघडलं तर समोर आंबट काकू.

आंबट काकू आमच्याच इमारतीत तळमजल्यावर, जिन्यामागच्या एका खोलीत राहतात. त्यांचं खरं नाव कुणाच्या तोंडी नाही. मुलांनी कधीतरी ठेवलेलं हे नाव त्यांना चिकटलं, कारण त्यांच्या पदराला कायम व्हिनेगरचा वास येतो. शिवाय बोलणंही असं, की समोरच्याने तोंड वाकडं करावं. इतक्या वर्षांत त्या वर आमच्या मजल्यावर आल्याचं मला आठवत नाही.

"काय झालं, काकू?"

त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"हे बोट बधिर झालंय का ते बघ."

"साखर असणार," आतून सासूबाईंचा आवाज आला. त्यांना चष्मा सापडला नव्हता, पण निदान सापडलं होतं. "माझ्या मावसबहिणीचं असंच झालं. आधी बोट गेलं, मग पाऊल."

"आई, त्यांना आत तरी येऊ द्या."

"येऊ दे की. मी काय दार अडवलंय?"

काकू आत आल्या, खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या आणि बोट तसंच वर धरून बसल्या. जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं आणि त्यांनी फक्त दाखवायला आणलं होतं.

मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. डबे काढले आणि चिमटीने एकेक वस्तू बोटाखाली सरकवत गेले.

"साखर," काकू म्हणाल्या. "हे जाडं मीठ. हा रवा, बारीक नाही, मधला. हे काय, काहीच नाही. ताटली आहे नुसती."

बरोबर होतं. मग सासूबाईंना चेव आला. त्यांनी आपल्या फणीतला एक केस काढून ताटलीत ठेवला आणि परीक्षकासारखं माझ्याकडे बघितलं. काकूंचं बोट ताटलीवरून सावकाश फिरलं आणि थांबलं.

"केस आहे. पांढरा की काळा ते मात्र विचारू नका."

"बोट उत्तम आहे तुमचं," मी म्हणाले. "माझ्यापेक्षा बरं आहे."

मला वाटलं होतं, त्यांना हायसं वाटेल. त्यांनी डोळे उघडले आणि बोट मांडीवर ठेवून दिलं.

"मग सापडत का नाही?"

"काय सापडत नाही?"

"चिमणी," काकू म्हणाल्या.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला, आणि त्यांना चष्मा सापडला.

*

चिमणी पायरीवर होती, आमच्याच इमारतीच्या, रस्त्यावरून आत येताना लागणाऱ्या पहिल्या पायरीवर. मी काकूंबरोबर खाली गेले. जाताना सासूबाईंच्या औषधांच्या चिठ्ठ्या वाचायला ठेवलेलं भिंग घेतलं. हे भिंग माझं कॉलेजचं. मी भूगर्भशास्त्र घेऊन पदवी मिळवली, आणि त्यातलं हे भिंग तेवढं घरात रोज उपयोगी पडतं.

काकू रोज सकाळी ही पायरी धुतात, हे सगळ्यांना माहीत होतं. व्हिनेगरचा वास जिन्यात वरपर्यंत यायचा. आम्ही समजत होतो, मुंग्यांसाठी करत असतील. कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं असं नाही. त्या दिवशी मात्र त्या दुसऱ्या पायरीवर बसल्या आणि सांगू लागल्या, आवाज न चढवता, न उतरवता, किराणा सामान सांगावं तसं.

काका पाथरवट होते. आमच्या रांगेतल्या सगळ्या इमारतींच्या पायऱ्या त्यांच्या टोळीने घडवल्या. दगड डोंगराच्या खाणीतून यायचा, पांढुरका, मऊसर, चुनखडीचा. प्रत्येक पाथरवटाची आपली एक खूण असायची. कुणाची फुली, कुणाचं अर्धं वर्तुळ. कुठला दगड कुणी घडवला ते मुकादमाला कळावं म्हणून. काकांची खूण म्हणजे तीन रेघा, एका टोकाला जुळलेल्या. चिमणी ओल्या मातीवर उमटवते ना, तसं पाऊल. अशी खूण दगडाच्या आतल्या अंगाला करायची, सांध्यात झाकली जाईल अशी. बाहेरून दिसता कामा नये.

"मग ही बाहेर कशी?"

"माझ्यामुळे," काकू म्हणाल्या.

रांगेतल्या इमारती सगळ्या एका साच्यातून काढल्यासारख्या. लग्न होऊन इथे राहायला आल्यावर काकू बाजारातून परतताना हमखास भलत्याच दारात शिरायच्या. एकदा तर पिशवीसकट कुणाच्या तरी स्वयंपाकघरापर्यंत गेल्या आणि तिथे भाजी परतत असलेल्या बाईला म्हणाल्या, "तुम्ही इथे काय करताय?"

ते ऐकून काका पोट धरून हसले. मग एका सुट्टीच्या दिवशी छिन्नी घेऊन बसले आणि पहिल्या पायरीवर, भिंतीलगतच्या कोपऱ्यात, जिथे कुणाचा पाय पडत नाही अशा जागी, चिमणीचं पाऊल कोरलं. "हे दिसलं की आत यायचं. नाही दिसलं की मागे फिरायचं." मुकादमाने पाहिलं तेव्हा तो खवळला. खूण आत करतात, तू काय घरावर पाटी लावतोस का, म्हणून ओरडला. काका म्हणाले, "पाटी नाही हो, बायको हरवते."

हे सांगताना काकू हसल्या नाहीत. मी हसले, आणि मग थांबले.

काकांचं जाणं मला ऐकून माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून नव्हतं. डोंगर दिवसा तापतो, रात्री गार होतो. फुगतो आणि आकसतो. असं वर्षानुवर्षं झालं की त्याच्या अंगावरचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटायला लागतात. फटीत पाणी शिरतं, कुठे एखादं मूळ शिरून बोटभर वाट करतं. बाहेरून काही कळत नाही. म्हणून खाणीतली माणसं कामाला लागण्याआधी हातोडीने दगड वाजवून बघतात. खणखणला तर घट्ट आहे, बद्द वाजला तर सुटलाय, लांब व्हा. काका रोज वाजवायचे. त्या दिवशीही वाजवला होता, खणखणीत वाजला, असं बरोबरच्या माणसांनी सांगितलं. हात पोचला तिथपर्यंत तो घट्टच होता. सुटला होता तो त्याच्या वरचा.

"मी कणीक मळत होते," काकू म्हणाल्या. "दोघं आले, सांगून गेले. मी कणीक मळून पुरी केली. झाकून ठेवली. हात धुतले."



"मग?"

"मग काय? हात धुतले."

रस्त्यावरून एक माणूस सायकल ढकलत गेला. काकूंनी तो कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याच्याकडे पाहिलं आणि मग पदराआडून बाटली आणि चमचा काढला.

"आता हे बघ."

त्यांनी चमचाभर व्हिनेगर पायरीच्या कोपऱ्यात ओतलं आणि कान जवळ नेला. मलाही खुणेने वाकायला लावलं. दगडावर बारीक बुडबुडे उठले आणि आवाज आला, अगदी हलका. सुर्रर्र. दूर कुणीतरी कुजबुजत असावं तसा.

"ऐकलंस? बोलतोय."

हे त्यांना काकांनीच दाखवलं होतं, लग्नाच्या नव्या नवलाईत. खाणीत दगड पारखायला ते आम्लाची छोटी कुपी बाळगायचे. चुनखडीचा असेल तर आम्ल पडताच फसफसतो, काळा दगड ढिम्म राहतो. घरी त्यांनी तेच व्हिनेगर घालून दाखवलं. "काळा दगड मुका असतो. आपला बोलतो. बघ, काय म्हणतोय?" आणि काकूंनी कान लावला की ते मागून काहीतरी पुटपुटायचे. भाजी आण म्हणतोय. भांडू नको म्हणतोय.

ते गेले. काही दिवसांनी एका सकाळी काकूंनी व्हिनेगरची बाटली उचलली आणि पायरीवर चमचाभर घातलं. आवाज आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं. तेव्हापासून रोज. आधी चमचा, मग कान, मग ओल्या फडक्याने पुसणं आणि शेवटी त्या तीन रेघांमधून एकदा बोट फिरवणं. एवढं झालं की त्या खोलीत जायच्या आणि दिवस सुरू व्हायचा. बाकी दिवसात कुणाशी बोलायची त्यांना फारशी गरज पडायची नाही.

"आज बोट फिरवलं," त्या म्हणाल्या, "तर काही लागलंच नाही."

*

मी गुडघे टेकून बसले आणि भिंग लावलं.

पायरी मधोमध खोलगट झाली होती. तिथे पाय पडून पडून दगड गुळगुळीत झाला होता, हाताने चोळलेल्या लाकडासारखा. कोपराही खोलगट होता, मधल्यापेक्षा जास्तच. पण इथे गुळगुळीतपणा नव्हता. मऊ भाग निघून गेला होता आणि चिवट कण, बारीक शिंपल्यांचे तुकडे वर राहिले होते. बोट फिरवलं की खरखर लागायची. पायांनी झिजवलेला दगड आणि आंबटाने खाल्लेला दगड वेगळे ओळखू येतात. आमच्या बाईंनी हे एकदा फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं आणि मी ते परीक्षेत लिहून दोन्ही कॉलम भरले होते. पायरीवर त्या दिवशी प्रथम पाहिलं.

रेघा कुठेही नव्हत्या.

मला कळलं होतं, आणि कसं सांगायचं ते कळत नव्हतं. वरच्या कठड्यावरून सासूबाईंनी वाकून विचारलं, "सापडली का गं?" मी हात हलवला.

"काकू, तुम्ही व्हिनेगर घालता ना..."

"हं."

"दगडात चुना आहे. आंबट लागलं की चुना विरघळतो. विरघळताना त्यातून वायू सुटतो. तो बुडबुड्यांचा आवाज आहे."

"विरघळतो म्हणजे?"

"जातो. तुम्ही नंतर फडक्याने पुसता, त्याच्याबरोबर निघून जातो."

"किती जातो?"

मला खोटं सांगता आलं असतं. सांगावंसं वाटलंही. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, की त्यांना उत्तर हवं होतं, माझी दया नको होती.

"एका चमच्याला चिमूटभर."

"चिमूटभर," काकू म्हणाल्या. त्यांनी अंगठा आणि पहिलं बोट जुळवून त्यांच्यामधल्या जागेकडे पाहिलं. "रोज."

त्या उठल्या. मला वाटलं, आत निघाल्या. पण त्या दुसऱ्या पायरीकडे वळल्या, जिथे त्या आत्तापर्यंत बसल्या होत्या, आणि तिच्या कडेला चमचाभर व्हिनेगर ओतलं. कान लावला. सुर्रर्र.

"ही त्यांनी घडवलेली नाही," त्या म्हणाल्या. "ही फुलीवाल्याची आहे."

"हो?"

"हीसुद्धा तेच बोलते."

त्यांनी बाटलीला झाकण लावलं, घट्ट फिरवलं आणि ती पायरीवर ठेवली. चेहऱ्यात काही हललं नाही. जिन्याच्या भिंतीला लोणा धरला आहे, आतलं मीठ वर येऊन तिथल्या दगडाचे पोपडे सुटतात आणि झाडताना सुपलीभर भुगा निघतो. काकूंनी पायाने तो भुगा भिंतीकडे सारला. नेहमी सारतात तसाच.

तेवढ्यात हे जिना उतरून आले, कामावर जायला निघालेले. पायांत दोन वेगळ्या रंगांचे मोजे. आम्हा दोघींना पायरीपाशी पाहून थांबले. मी थोडक्यात सांगितलं. ह्यांनी मोबाइलचा टॉर्च लावून वरून उजेड पाडला. उजेडात पायरी आणखीच सपाट दिसली.

"नाही हो काही," हे म्हणाले.

तेव्हा मला भूगर्भशास्त्राच्या सहलीतली एक गोष्ट आठवली. मी ह्यांच्या हातातला मोबाइल घेतला आणि पायरीवरच आडवा ठेवला, उजेड दगडाला चिकटून तिरका जाईल असा. ह्यांना भिंतीच्या बाजूने उभं राहून सावली करायला सांगितलं. दगडाच्या प्रत्येक कणाने आपापली बारीक सावली टाकली, आणि त्या सावल्यांमध्ये एक रेघ होती. एकच, फिकट, करंगळीएवढी. आणि तिच्या टोकाशी एक टिंब, जिथे कधीकाळी तिन्ही जुळल्या होत्या.

"एक बोट राहिलंय चिमणीचं," मी म्हणाले. "दिसतंय?"

काकू गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. मग बोट फिरवलं.

"लागत नाही."

"लागणार नाही. पण दिसतंय ना?"

"दिसतंय."

ह्यांना राहवेना. ह्यांचा स्वभावच तसा, काहीही बिघडलं की ह्यांच्याकडे माणूस असतो. "काकू, माझ्या ओळखीचा एक दगडवाला आहे. मशीन घेऊन येईल, या रेघेवरून पुन्हा खोल कोरून देईल. तिन्ही रेघा. हां हां म्हणता होईल. होती तशीच."

"कशाला?" काकू म्हणाल्या. "आता मी घर चुकत नाही."

 हे मोबाइल उचलून, टॉर्च बंद करून, तो कोपरा टाळत पलीकडच्या कडेने उतरून गेले. एरवी दोन पायऱ्या एकदम उतरतात.

"व्हिनेगर घातलं नाही तर हे राहील?" काकूंनी विचारलं.

"राहील. इथे पाऊस तिरका येतो, तो थोडं नेईल. हवेतला वायू मिसळून तोही जरा आंबट होतो. पण तो तुमच्याइतका घाईत नसतो, काकू."

"माझ्यापुरतं राहील?"

"तुमच्यापुरतं, माझ्यापुरतं. त्याच्या पुढेही. फक्त असा आडवा उजेड धरावा लागेल."

त्यांनी मान हलवली. बाटली उचलून माझ्या हातात दिली.

"सासूला दे. काचा पुसा म्हणावं. चष्म्यापासून सुरुवात करा."

आणि त्या खोलीत गेल्या. दार लोटून घेतलं, आपटलं नाही. मी वर आले तेव्हा दूध गॅसवर आटून बासुंदीच्या वाटेला लागलं होतं. सासूबाईंनी बाटली बघितली, वास घेतला आणि ती मोरीतल्या फळीवर मागे सारून ठेवली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात वास नव्हता. वास नसल्याचं इतकं जाणवेल असं मला वाटलं नव्हतं. मी दुधाची पिशवी घ्यायला खाली उतरले.

पिशवी घेऊन परत आले तेव्हा काकू दुसऱ्या पायरीवर बसल्या होत्या. पहिली पायरी कोरडी होती, धूळ तशीच. त्यांच्या एका हातात चमचा होता, रिकामा. तो कशाला आणला होता, हे बहुधा त्यांनाही माहीत नव्हतं. दुसऱ्या हातात घडी केलेलं फडकं, तेही कोरडं. मी थांबले.  त्यांनी थोडं सरकून मला जागा दिली. मी बसले. दुधाच्या गार पिशवीवरचं पाणी माझ्या पावलावर टपकत होतं.

"झोप लागली?" मी शेवटी विचारलं.

"लागली की. का नाही लागणार?"

 समोरच्या इमारतीतून कुणीतरी पायपुसणं झटकलं. काकूंनी चमचा फडक्यात गुंडाळला, मग उलगडला, मग पुन्हा गुंडाळला.

"तू रोज या वेळेला दूध घ्यायला येतेस ना?"

"हो."

"मग असं कर. इथून जाताना माझ्याशी एक वाक्य बोलत जा. मला या वेळेला ऐकायची सवय आहे. काहीही चालेल. दूध पातळ आहे म्हणालीस तरी चालेल."